पाठीवरचं इंजिन : जेटपॅकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये विज्ञानावर बोलायला जातो तेव्हा रॉकेट, उपग्रह, ड्रोन सगळं सांगून होतं आणि मागच्या बाकावरून एक हात हमखास वर येतो. "सर, ते पाठीला बांधून उडायचं मशीन खरं असतं का?" मग वर्ग जागा होतो आणि प्रश्नांची रीघ लागते. घरी आल्यावर पालकांचे फोन येतात, त्यांचेही प्रश्न तेच. म्हणून वर्षानुवर्षं ऐकलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

जेटपॅक खरंच आहे का, की फक्त सिनेमात?

खरंच आहे, आणि साठ वर्षांहून जुनं आहे. २० एप्रिल १९६१ रोजी अमेरिकेत, नायगारा फॉल्स विमानतळाजवळ हॅरॉल्ड ग्रॅहम नावाचा तरुण पाठीला यंत्र बांधून उडाला. कसलीही दोरी नव्हती, आधार नव्हता. १३ सेकंदांत त्याने ११२ फूट, म्हणजे साधारण ३४ मीटर अंतर कापलं आणि पायांवर उतरला. उंची म्हणाल तर फार तर कमरेइतकी.

तारखेकडे जरा नीट बघा. त्याच्या आठच दिवस आधी, १२ एप्रिलला युरी गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले होते. अंतराळात गेलेला पहिला माणूस आणि पाठीवर इंजिन घेऊन मोकळा उडालेला पहिला माणूस एकाच महिन्यातले. पुढे अंतराळयानं कुठल्या कुठे गेली. जेटपॅक मात्र सेकंदांवरून मिनिटांवर आलं आणि तिथेच थांबलं. असं का झालं, हाच या विषयातला खरा प्रश्न आहे आणि खालच्या बहुतेक उत्तरांत तोच पुन्हा पुन्हा येईल.

ते बनवलं कोणी?

बेल एरोसिस्टिम्स या कंपनीतले अभियंते वेन्डेल मूर यांनी. सैनिकाला खंदक, नदी, सुरुंगांचा पट्टा ओलांडता यावा म्हणून अमेरिकी लष्कराने १९६० मध्ये पैसा पुरवला. सुरुवातीच्या चाचण्या मूर स्वतःच देत होते, सुरक्षेच्या दोरीला बांधून. १७ फेब्रुवारी १९६१ ला ती दोरी तुटली, मूर खाली कोसळले आणि गुडघ्याची वाटी फुटली. त्यांना पुन्हा उडता आलं नाही. म्हणून ग्रॅहम आले आणि दोन महिन्यांत इतिहास घडला. त्या उड्डाणाची आठवण काढताना मूर यांचा गुडघाही आठवावा असं मला वाटतं. आपण आयुष्य घालून बनवलेलं यंत्र दुसऱ्याच्या पाठीवर उडताना बघायला फार मोठं मन लागतं.

ऑक्टोबर १९६१ मध्ये फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासमोर प्रात्यक्षिक झालं. लष्कराने ते बघितलं, कौतुक केलं आणि पुढे नाद सोडला.

लष्कराने नाद का सोडला?

२१ सेकंद. हे यंत्र जास्तीत जास्त २१ सेकंद हवेत राहायचं.

हा आकडा नुसता वाचून समजत नाही. घड्याळ समोर ठेवा, उभे राहा आणि मनातल्या मनात उड्डाण करा. उचलायला तीन सेकंद, वळायला दोन, उतरण्यासाठी किमान पाच राखून ठेवा. जायला उरले किती? वर्गात मी मुलांकडून हे करून घेतो. विसाव्या सेकंदाला बहुतेक मुलं अजून "वर"च असतात. वैमानिकाला इंधनाचा काटा बघायला सवडच नव्हती, म्हणून हेल्मेटमध्ये बझर होता. वेळ सरत आली की तो डोक्यातच गुणगुणायला लागायचा.

एवढा थोडा वेळच का? टाकी मोठी का नाही लावली?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर लांब आहे, पण जेटपॅकची अख्खी गोष्ट यातच आहे.

हवेत तरंगायचं तर आपल्या वजनाइतका जोर सतत खाली द्यावा लागतो. तो मिळतो काहीतरी खाली फेकून. रॉकेट बेल्टमध्ये, म्हणजे बेलच्या या यंत्रात, फेकायचं ते सगळं पाठीवरच वाहून न्यायचं. माणूस आणि यंत्र मिळून १२५ किलोच्या आसपास धरा. वाफ सेकंदाला बाराशे मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. भागाकार केला की उत्तर येतं : सेकंदाला साधारण एक किलो इंधन. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. चौघांच्या घरात तो महिनाभर पुरतो. या हिशेबाने तेवढं वजन चौदा सेकंदांत संपेल.

टाकी मोठी केली तर? वीस किलो जास्त भरले की ते वीस किलो उचलायलाही जोर लागतो, म्हणजे सेकंदाचा खर्च वाढतो. वर टाकी जड, पट्टे मजबूत, नळ्या जाड. आणि माणसाला ते घेऊन स्वतःच्या पायांवर उभं राहायचं असतं, उतरताना तोल सांभाळायचा असतो. बेलचं यंत्र भरलेलं असताना ५७ किलोचं होतं. म्हणजे तांदळाचं पन्नास किलोचं पोतं आणि वर आणखी थोडं, पाठीवर घेऊन उडी मारायची.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण महत्त्वाची. तेवढाच जोर दोन पद्धतींनी मिळतो : थोडी हवा फार वेगाने फेका, किंवा पुष्कळ हवा सावकाश फेका. पहिल्या पद्धतीत शक्ती कितीतरी जास्त खर्च होते, कारण प्रत्येक किलो हवेमागे जोर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. हेलिकॉप्टरची पाती म्हणूनच एवढी लांब असतात. ती भरपूर हवा हलकेच खाली ढकलतात. जेटपॅकची नळी असते मनगटाएवढी. माणसाच्या अंगावर बांधता यावं इतकं लहान यंत्र हवं असेल तर ते खादाड असणारच. चांगलं इंजिन बनवून यात थोडीफार सुधारणा होते, पण ही मूळ अडचण कोणत्याही कारखान्यात सुटणारी नाही.

त्यात आग असते का? पाय भाजत नाहीत?

रॉकेट बेल्टमध्ये ज्वाला नसते. त्यातलं इंधन तुमच्या ओळखीचं आहे : हायड्रोजन पेरॉक्साइड. गुडघा खरचटल्यावर औषधाच्या दुकानातली बाटली आणून कापसाने लावायचे, आठवतं? जखमेवर पांढरा फेस यायचा, चुरचुरायचं. तो फेस म्हणजे पेरॉक्साइड मोडून निघालेला प्राणवायू, आणि ते मोडण्याचं काम आपल्या रक्तातलं एक विकर करतं. रॉकेट बेल्टमध्ये हेच काम चांदीची जाळी करते. फरक तीव्रतेचा. बाटलीत तीन ते सहा टक्के असतं, तिथे नव्वद टक्के. चांदीला लागताच त्याची वाफ आणि प्राणवायू होतो, तापमान ७४० अंश सेल्सिअसच्या घरात जातं आणि खांद्यांमागून वळून खाली येणाऱ्या दोन नळ्यांतून ती वाफ सुटते. वैमानिक उष्णतारोधक पोशाख घालत असत. आवाज इतका की कानांचं संरक्षण केल्याशिवाय जवळ उभं राहता येत नाही.

इथे कळकळीने सांगतो : नव्वद टक्के पेरॉक्साइड कापडावर किंवा लाकडावर सांडलं तरी आग लागू शकते. त्याचे प्रयोग घरी करायचे नाहीत, "थोडंसं" सुद्धा नाही.

१९८४ च्या ऑलिंपिकमध्ये जो माणूस उडाला होता तो खरा होता का?

हो. लॉस एंजेलिसच्या उद्घाटन सोहळ्यात स्टेडियममध्ये उतरलेले ते बिल सूटर. त्यांची कथा मला फार आवडते. ते मूर यांचे शेजारी, लहानपणी त्यांच्या अंगणातलं गवत कापायचे. १९६४ मध्ये एकोणीस वर्षांचे असताना मूर यांनी त्यांना वैमानिक म्हणून घेतलं. सामान्य मुलाला हे शिकता येतं का, हे मूर यांना बघायचं होतं. आलं. पुढे सूटर यांनी हजाराहून अधिक उड्डाणं केली.

त्या दिवशी जगाने जे पाहिलं ते तेवीस वर्षं जुनं तंत्र होतं आणि तेही वीसेक सेकंदांचं. पण ते पाहून "लवकरच हे सगळ्यांकडे असेल" असं लाखो लोकांना वाटलं. ती समजूत अजून गेलेली नाही.

मग रॉकेट बेल्ट आणि जेटपॅक एकच का?

बोलताना एकच म्हणतात, पण नाही. रॉकेट सगळं सामान स्वतःबरोबर नेतं. जेट इंजिन भोवतालची हवा आत ओढतं आणि फक्त इंधन वाहून नेतं. हवा फुकट मिळाली की सेकंदांची मिनिटं होतात. बेलने हेही करून पाहिलं होतं : १९६९ मध्ये विल्यम्स कंपनीचं छोटं जेट इंजिन लावलेला त्यांचा पट्टा उडाला. मूर त्याच वर्षी वारले आणि प्रकल्प थंडावला. त्या इंजिनाचा वंश पुढे टॉमहॉक क्षेपणास्त्रात गेला. माणूस उचलायला बनवलेलं इंजिन शेवटी बॉम्ब वाहायला लागलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

हल्ली व्हिडिओत हातांना इंजिनं बांधून उडणारा माणूस दिसतो, तो कोण?

रिचर्ड ब्राउनिंग, ब्रिटनचे. पूर्वी तेलकंपनीत नोकरीला होते, रॉयल मरीन्सच्या राखीव दलातही होते. २०१७ मध्ये त्यांनी ग्रॅव्हिटी इंडस्ट्रीज सुरू केली. पोशाखात पाच छोटी टर्बाइनं, म्हणजे जेट इंजिनं : दोन्ही हातांवर दोन-दोन आणि पाठीवर एक. इंधन केरोसीनच्या जातीचं.

नियंत्रणाची पद्धत बघण्यासारखी आहे. हात खाली अंगाजवळ घेतले की सगळा जोर सरळ खाली जातो आणि माणूस वर उठतो. हात पंखांसारखे बाजूला फाकवले की जोर तिरका होतो, खालचा वाटा कमी होतो आणि माणूस हलकेच खाली येतो. ना सुकाणू, ना कळफलक. तोल सांभाळतो तो माणसाचा मेंदू, जसा सायकलवर सांभाळतो. नवशिक्याला आधी वरच्या दोरीला टांगून शिकवतात. खांदे आणि दंड मात्र दणकट लागतात, कारण शरीराचा बराच भार हातांवर तोलायचा असतो. समांतर बारवर व्यायाम केलेल्यांना कल्पना येईल.

१४ नोव्हेंबर २०१९ ला त्यांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर ताशी १३६.८९१ किलोमीटरचा विक्रम केला. पण इंधन मिनिटाला चार लिटरच्या आसपास जळतं, म्हणून उड्डाण काही मिनिटांचंच.

इंग्लिश खाडी ओलांडली होती ना कोणीतरी?

दोघांनी, आणि दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी. स्वित्झर्लंडचे इव्ह रॉसी यांनी २६ सप्टेंबर २००८ ला कॅले ते डोव्हर हे अंतर दहा मिनिटांच्या आत कापलं. पाठीवर जेट इंजिनं लावलेला ताठ पंख होता. विमानातून उडी घेतली, पॅराशूटने उतरले. पंखामुळे इंधनाची प्रचंड बचत होते, कारण वजन हवाच पेलते. पण मग अंगणातून उडता येत नाही.

फ्रान्सचे फ्रँकी झपाटा यांचं यंत्र पायाखाली असतं, फळीसारखं, आणि इंधनाची टाकी पाठीवर. २५ जुलै २०१९ ला, लुई ब्लेरिओंच्या विमानाने खाडी ओलांडल्याला ११० वर्षं झाली त्या दिवशी, ते निघाले. वाटेत इंधनासाठी बोटीवर उतरताना समुद्रात पडले. दहा दिवसांनी, ४ ऑगस्टला पुन्हा निघाले आणि २२ मिनिटांत पार झाले. साधारण ३५ किलोमीटरसाठी मध्ये एकदा टाकी भरावी लागली, यातच सगळं आलं.

न्यूझीलंडच्या मार्टिन जेटपॅकचं काय झालं?

ग्लेन मार्टिन यांनी १९८१ पासून ख्राइस्टचर्चमध्ये त्यावर काम केलं. २००८ मध्ये ते जगासमोर आलं. नाव जेटपॅक, पण त्यात पेट्रोल इंजिनावर चालणारे दोन मोठे पंखे होते, म्हणजे वर सांगितलेली "पुष्कळ हवा सावकाश" ही पद्धत. म्हणून अर्ध्या तासाची भाषा शक्य झाली. सुरुवातीच्या नमुन्याच्या चाचणीला त्यांच्या पत्नी व्हेनेसा उभ्या राहिल्या, कारण त्या वजनाने हलक्या होत्या. पण यंत्र एवढं थोराड झालं की ते पाठीला बांधायचं राहिलं नाही, माणसानेच त्यात उभं राहायचं. कंपनी शेअर बाजारात आली, मार्टिन स्वतः २०१५ मध्ये बाहेर पडले आणि पुढे कंपनी बंद झाली. माझ्या मते कल्पना सगळ्यांत समंजस तीच होती. पण पंखे मोठे झाले की तुम्ही हेलिकॉप्टरकडेच चाललेले असता.

पॅराशूट लावलं की सुरक्षित होईल ना?

नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे. पॅराशूट उघडून वेग कमी व्हायला उंची लागते. त्या उंचीच्या खाली आणि दुमजली घराच्या वर असा एक पट्टा आहे, जिथे इंजिन बंद पडलं तर पॅराशूट उपयोगाचं नाही आणि पडणं जिवावर बेतणारं. विमान इंजिन बंद पडल्यावर तरंगत उतरू शकतं, हेलिकॉप्टरची पाती वाऱ्यावर फिरत राहतात. नळीवर उभ्या असलेल्या माणसाला असा कोणताच आधार नाही. म्हणून शहाणे वैमानिक पाण्यावरून किंवा जमिनीलगत उडतात. व्हिडिओत ते डोक्याइतक्या उंचीवरच दिसतात, त्यात भित्रेपणा नाही.

रॉसी यांच्यासारखाच जेट इंजिनांचा पंख पाठीवर घेऊन उडणारे फ्रान्सचे व्हिन्स रेफे यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये दुबईत जमिनीवरून उठून थेट १८०० मीटर उंची गाठली होती. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला सरावाच्या वेळी त्यांचा मृत्यू झाला. ते जगातल्या सर्वांत तयारीच्या आकाशवीरांपैकी होते. मुलांना व्हिडिओ दाखवताना मी हेही सांगतो.

भारतीय सैन्य जेटपॅक घेणार होतं, हे खरं का?

जानेवारी २०२३ मध्ये लष्कराने ४८ जेटपॅक सूटसाठी प्रस्ताव मागवले होते. त्याच वर्षी बंगळूरच्या एरो इंडिया प्रदर्शनात देशी बनावटीचा एक नमुना मांडला गेला आणि आग्र्यात ब्राउनिंग यांच्या कंपनीचं प्रात्यक्षिक झालं. ब्रिटनच्या मरीन्सनीही समुद्रात जहाजावर चढण्यासाठी २०२१ मध्ये चाचणी घेतली.

युद्धात उपयोग किती? मला शंका आहे. दोन्ही हात इंजिनांत गुंतलेले, आवाज लांबून ऐकू येणारा आणि हवेत लटकलेला माणूस म्हणजे सोपं लक्ष्य. शिवाय डोंगरावर उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. सीमेवरच्या बर्फात हे नेमकं अडतं. टेहळणी हवी असेल तर ड्रोन स्वस्तात करतो, आणि तो पडला तर कोणाच्या घरी फोन करावा लागत नाही.

मग याचा खरा उपयोग आहे तरी कशाला?

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सप्टेंबर २०२० ला हवाई रुग्णवाहिका सेवेबरोबर एक चाचणी झाली. डोंगरात कोणीतरी जखमी आहे असं धरलं होतं. पायी पोहोचायला २५ मिनिटं लागली असती. ब्राउनिंग यांचा जेटसूट ९० सेकंदांत पोहोचला.

हे वाचलं तेव्हा मी थांबून पुन्हा वाचलं. साठ वर्षं सगळे रडत होते की वेळ पुरत नाही. इथे दीड मिनिटच हवं होतं. रुग्णाला उचलून आणायचं नाही, फक्त रक्त थांबवता येणारा आणि श्वासनलिका मोकळी करता येणारा माणूस आधी पोहोचवायचा. बाकीचे मागून स्ट्रेचर घेऊन येतील.

सह्याद्रीत भटकणाऱ्या कोणालाही हे वाचून आपलेच डोंगर आठवतील. कड्याखाली कोणी अडकलं की गावातली आणि गिर्यारोहण संस्थांची मुलं दोर घेऊन धावतात, तास-तास लागतात. तिथे हे चालेल का? उन्हाळ्यात, मोकळ्या पठारावर कदाचित. पण आपले बहुतेक अपघात पावसाळ्यात होतात. धुकं, कड्यावरून उलटा वर येणारा वारा, निसरडे कातळ, उतरायला सपाट जागा नाही. अशा ठिकाणी आज जेटसूट पाठवणं म्हणजे दुसरा जखमी तयार करणं. तरीही हा वापर सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. रोजच्या ऑफिसला उडत जाण्यापेक्षा यावर डोकं खर्च व्हावं.

ऑफिसला जाता येईल का, एवढं तरी सांगा.

नाही. ठाण्याहून फोर्टला हवाई अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधन भरायला थांबा, कानठळ्या बसवणारा आवाज, खाली दाट वस्ती आणि बाजूला विमानतळ. आणि उतरल्यावर ते तापलेलं यंत्र ठेवणार कुठे?

किंमत किती?

२०१८ मध्ये लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात ब्राउनिंग यांचा सूट ३,४०,००० पौंडांना ठेवला होता. तेव्हाच्या दराने तीन कोटी रुपयांच्या वर.

विमानाच्या वैमानिकांना आकाशात जेटपॅकवाला दिसला होता, तो कोण?

३० ऑगस्ट २०२० ला लॉस एंजेलिस विमानतळावर उतरणाऱ्या विमानाने सुमारे ३००० फुटांवर असा माणूस दिसल्याचं कळवलं. नंतरही अशा बातम्या आल्या. तपासानंतर माणसाच्या आकाराचा फुगा असण्याची शक्यता पुढे आली. मला तेच पटतं. एवढ्या उंचीवर जाऊन परत सुखरूप उतरायला किती इंधन लागेल, हा हिशेब वर केलेलाच आहे.

अंतराळात तर अंतराळवीर असं उडतात. तिथे कसं जमतं?

७ फेब्रुवारी १९८४ ला ब्रूस मॅककँडलेस चॅलेंजर यानापासून शंभरेक मीटर दूर गेले, कसलीही दोरी न बांधता. पाठीवरच्या यंत्रात फक्त नायट्रोजन वायू होता, त्याचे बारीक फवारे सोडायचे. तिथे वजन पेलायचं नसतं. एकदा हलकी ढकल मिळाली की पुरे, ती संपत नाही. इथे जमिनीजवळ मात्र प्रत्येक सेकंदाला पृथ्वी आपलं माप वसूल करते. वर्गात हे सांगितलं की मुलांना दोन्ही गोष्टी एकदम कळतात.

मला एकदा तरी उडायचंय. काय करू?

गोव्यात किनाऱ्यावर फ्लायबोर्ड मिळतो, तो करून पाहा. झपाटा यांचीच ही आधीची कल्पना. पायाखालच्या फळीला जाड नळी जोडलेली असते, वॉटर स्कूटर समुद्राचं पाणी त्या नळीतून वर ढकलतं आणि त्या जोरावर तुम्ही उभे राहता. जड इंजिन आणि इंधन खाली पाण्यावरच राहतं, म्हणून हे परवडतं आणि पडलात तरी पाण्यात पडता. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट न देणाऱ्याकडे जाऊ नका.

पहिल्या दोन-तीन वेळा तोंडावर पडाल. गुडघे ताठ ठेवा, खाली पाण्याकडे बघू नका, नजर किनाऱ्यावर ठेवा. मग एका क्षणी पाय स्थिर होतील आणि तुम्ही समुद्राच्या वर उभे असाल. त्या वेळी मनात सेकंद मोजा.